सिमेंटिंग प्लग करायला घेताय? एक फुटलाच पाहिजे, दुसरा फुटता कामा नये

भोसरी-चाकण पट्ट्यात रबर मोल्डिंगवाले भरपूर, पण बहुतेकांचं आयुष्य बुश, ग्रोमेट, गेटर नाहीतर सील यातच जातं आणि गाड्यांचं मार्केट बसलं की सगळे एकदमच बसतात. मी गेली काही वर्षं तेलविहिरीत लागणारे सिमेंटिंग प्लग करतोय, आणि दर दोन-तीन महिन्यांनी कोणाचा तरी फोन येतो की अशी अशी चौकशी आलीय, ड्रॉइंग आलंय, दिसायला तर सोपं आहे, घेऊ का? प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

ड्रॉइंग बघून सोपं वाटतं हे खरंय. रबराचा एक गट्टू, छोटा असेल तर तांब्याएवढा आणि मोठा असेल तर पिंपाएवढा, बाहेरून चार-पाच फिन म्हणजे रबराच्या गोल कडा आणि आत एक कोर म्हणजे कडक गाभा. गेटर करणाऱ्याला यात अवघड काय दिसणार? अवघड हे आहे की तुम्हाला जोडी करायची असते, दिसायला सख्खे भाऊ, पण एकाने ठरलेल्या प्रेशरला फुटलंच पाहिजे आणि दुसऱ्याने काही झालं तरी फुटता कामा नये. डाय, कंपाउंड, टेस्टिंग, पॅकिंग, सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं. हे डोक्यात नसेल तर चांगलं रबर करूनसुद्धा माल परत येतो.

आधी हा प्लग विहिरीत करतो काय ते समजून घ्या, कारण पार्टी सांगत नाही, पार्टी फक्त ड्रॉइंग पाठवते. आपल्याकडे बोअर घेतल्यावर वरच्या मातीत केसिंग पाइप टाकतात ना, तसाच तेलविहिरीत पण टाकतात, फक्त तिथे तो हजारो मीटर खाली जातो आणि पाइपच्या बाहेरची पोकळी सिमेंटने भरायची असते. सिमेंट बाहेरून वरून ओतून तिथपर्यंत पोचत नाही, म्हणून ते पाइपच्या आतून खाली ढकलतात आणि तळाशी ज्याला शू म्हणतात तिथून वळून ते बाहेरून वर चढतं. आता पाइपमध्ये आधीपासून मड, म्हणजे ड्रिलिंगसाठी वापरतात ते चिखलासारखं द्रव, भरलेलं असतं, आणि मड सिमेंटमध्ये मिसळलं की सिमेंट नीट सेट होत नाही. म्हणून सिमेंटच्या पुढे एक प्लग, तो बॉटम. मागे एक प्लग, तो टॉप. बॉटम प्लग आतून पोकळ, त्याच्या तोंडावर रबराचा पातळ पडदा म्हणजे डायफ्राम. तो पाइप पुसत पुसत खाली जातो, शूच्या वर एक-दोन पाइप अंतरावर फ्लोट कॉलर नावाचा अडसर असतो त्यावर बसतो, मागून प्रेशर वाढतं, डायफ्राम फुटतो आणि सिमेंट त्याच्या पोटातून पुढे निघून जातं. टॉप प्लग भरीव. तो सिमेंटच्या मागे जातो, त्याच्या मागे परत मड नाहीतर पाणी पंप करतात, तो बॉटमच्या डोक्यावर जाऊन बसला की पंपाचं प्रेशर एकदम चढतं आणि वरच्या माणसाला कळतं की काम झालं. ही दोन प्लगची पद्धत नवीन नाही, १९१० च्या सुमारास कॅलिफोर्नियात पर्किन्स नावाच्या गृहस्थाने आणली, आणि त्यांच्याच कंपनीत काम शिकलेल्या हॅलिबर्टनने १९१९ मध्ये स्वतःचा धंदा काढला, त्याचीच पुढे जगातली एक मोठी तेलसेवा कंपनी झाली.

पुसणं हा शब्द साधा वाटतो म्हणून एक हिशोब देतो, मला स्वतःला तो केल्यावरच प्लगची किंमत कळली. समजा ९ ५/८ इंची केसिंग आहे, ४७ पाउंडवालं (म्हणजे फुटाला ४७ पाउंड वजनाचं), त्याचा आतला व्यास २२०.५ मिमी. फ्लोट कॉलर २,००० मीटरवर. पाइपच्या आतल्या भिंतीवर मडचा फक्त १ मिमी थर राहिला तरी तो होतो जवळपास १,३८५ लिटर. बॉटम प्लग टाकलाच नाही तर हा सगळा थर टॉप प्लग खरवडून आपल्या पुढ्यात गोळा करत खाली नेतो. फ्लोट कॉलर आणि शूच्या मध्ये १२ मीटरचे दोन पाइप असले तर तिथली जागा फक्त ९१७ लिटर. म्हणजे ती जागा मड मिसळलेल्या सिमेंटने भरून वर साडेचारशे लिटर घाण शूच्या बाहेर, जिथे सगळ्यात चांगलं सिमेंट हवं असतं नेमकं तिथे. म्हणून फिनचं माप एक-दोन मिमीने कमी भरलं तर चालतंय की असं म्हणू नका.

आता मापाचं. ९ ५/८ हा केसिंगचा बाहेरचा व्यास, तुमचा संबंध आतल्याशी. साइटवरची माणसं नुसतं 'नाइन फाइव्ह एट' म्हणतात आणि फोन ठेवतात, तुम्ही मागे लागून वजन विचारा, कारण त्याच साइजमध्ये ३६ पाउंडच्या पाइपचा आतला व्यास २२६.६ मिमी आणि ५३.५ पाउंडचा २१६.८ मिमी. दहा मिमीचा फरक! आणि पार्टीला बहुतेक वेळा एकच प्लग दोन्हीत चालायला हवा असतो. म्हणजे फिन मोठ्यात मोठ्या व्यासापेक्षा जास्त पाहिजे, छोट्यात दुमडून जायला पाहिजे आणि कोर छोट्यातल्या छोट्या पाइपमधून आरामात सरकला पाहिजे. फिन जाड केली तर घासून घासून अडकते, पातळ केली तर तळाला पोचेपर्यंत झिजून जाते. इथे ड्रॉइंगवर जे असेल ते करा, स्वतःची अक्कल लावू नका, पण डाय करताना आकसण्याचा हिशोब तुमचा तुम्हालाच करायचाय. नायट्राइल दीड ते दोन टक्के आकसतं, २३० मिमीच्या फिनला ते साडेतीन ते साडेचार मिमी झाले. त्यात परत गंमत अशी की कोरला चिकटलेलं रबर कोर जिथे धरून ठेवतो तिथे आकसत नाही, फिनची टोकं मात्र आकसतात, त्यामुळे एकच टक्केवारी सगळ्या डायला लावली की फिनची टोकं लहान आणि बुंधा जाड असा माल निघतो. पहिली डाय करताना फिनच्या ठिकाणी मटेरियल शिल्लक ठेवा, पाच-सहा पीस काढा, मोजा, मग फायनल कटिंग करा. डाय मोठी करता येते, छोटी करता येत नाही.

कंपाउंडमध्ये पहिला प्रश्न, मड कसलं आहे. पाण्याचं मड असेल तर नॅचरल रबर चालतं आणि झिजेला ते भारीच असतं. तेलाचं मड असेल तर नॅचरल विसरा, नायट्राइल घ्या. पार्टी हे पण नीट सांगत नाही. विश्वास बसत नसेल तर घरचा प्रयोग करा, दोन्ही रबरांचे सारखे तुकडे कापा, वजन करा, काचेच्या बरणीत डिझेल घालून रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी नॅचरलचा तुकडा गुलाबजामसारखा फुगलेला दिसेल. अर्थात हा प्रयोग स्वतःच्या समाधानासाठी, पार्टीला द्यायच्या टीसीवर (टेस्ट सर्टिफिकेटवर) एएसटीएम डी ४७१ ची, म्हणजे रबर द्रवात बुडवून किती फुगतं ते मोजणारी, रीतसर टेस्ट लागते आणि ती लॅबमधूनच करून आणा. गरम विहीर असेल तर साधं नायट्राइल साधारण १२० डिग्रीपर्यंत धरा, त्याच्या वर एचएनबीआर म्हणजे जास्त उष्णता सोसणारं हायड्रोजनेटेड नायट्राइल, आणि एचएनबीआरचा भाव ऐकून पार्टी बरेचदा म्हणते की अहो तेवढं गरम नाहीये. ते मेलवर लिहून घ्या.

हार्डनेस शोअर ए ६५ ते ७५ च्या मधे कुठेतरी मागतात. काळा प्लग करणं तुम्हाला नवीन नाही, कार्बन ब्लॅक घातलं की ताकद येते. घोळ रंगीत प्लगचा. रूढ पद्धत अशी की टॉप काळा आणि बॉटम रंगीत, लाल, नारिंगी, पिवळा, जी कंपनी जसा घेईल तसा. रंगीत म्हटलं की कार्बन ब्लॅक बंद, त्याच्या जागी सिलिका घालावी लागते, आणि सिलिकाची खोड अशी की ती ॲक्सिलरेटर, म्हणजे रबर लवकर पक्कं करणारं रसायन, स्वतःच पिऊन टाकते, क्युअर म्हणजे रबर पक्कं होणं रेंगाळतं. डीईजी नाहीतर पीईजी (दोन्ही ग्लायकॉल) थोडं घालायचं, तेवढ्यासाठीच असतं ते. लाल रंगाला आयर्न ऑक्साइड, म्हणजे आपला गेरूच की, आणि तो गेरूसारखाच वागतो, मिलवर एकदा लाल बॅच काढली की रोलला, ट्रेला, हेल्परच्या कानामागे, सगळीकडे लाल. त्याहून वाईट उलटं होतं, काळ्या बॅचनंतर लाल घेतली की प्रत्येक प्लगवर काळे डाग. मिल एकच असेल तर आठवड्याचं प्लॅनिंग असं करा की गुरुवारच्या सुट्टीनंतर, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी, स्वच्छ रोलवर आधी लाल आणि मग पुढे काळा. बुधवारी संध्याकाळी मिल धुवायला कोण थांबत नाही हे मी अनुभवाने सांगतो.

आणि नुसत्या रंगावर विसंबू नका. सगळ्या कंपन्यांचे रंग सारखे नसतात, रात्री रिगवर पिवळ्या लाइटमध्ये नारिंगी आणि लाल सारखेच दिसतात. डायमध्येच मोठी अक्षरं कोरून घ्या, टॉप आणि बॉटम, उठावदार. वेंडरला दोनशे-पाचशे जास्त द्यावे लागतील, द्या.

कोर. पूर्वी सरसकट ॲल्युमिनियम असायचा आणि अजून भरपूर ड्रॉइंगवर तोच असतो. सिमेंट सेट झाल्यावर पुढे खोल जायचं असेल तर हे दोन्ही प्लग ड्रिलिंगच्या बिटने फोडून टाकायचे असतात, जुन्या पद्धतीचा रोलर कोन बिट ॲल्युमिनियम फोडतो, पण हल्लीचा कृत्रिम हिऱ्याच्या चकत्या लावलेला पीडीसी बिट त्याच्यावर रमत नाही, म्हणून आता फिनोलिक नाहीतर कंपोझिट कोर मागतात. काही प्लगना वर-खाली दात असतात, ते एकमेकांत आणि कॉलरमध्ये अडकतात, नाहीतर बिट फिरला की प्लगही त्याच्याबरोबर गरागरा फिरत बसतो आणि काहीच कटत नाही. समुद्रातल्या रिगचं भाडं दिवसाला लाखांत असतं, तिथे तुमचा प्लग सहा तास फिरत बसला तर तुमचं नाव कोणत्या शब्दांत घेतील याची कल्पना करा. दात असलेलं ड्रॉइंग आलं तर दाताच्या कोपऱ्यात हवा अडकते, तिथे व्हेंट द्यायला विसरू नका.

आता बाँडिंग, आणि इथे मी स्वतः मार खाल्लाय. कोर आणि रबर यांचं लग्न बाँडिंग एजंटने लागतं, ॲल्युमिनियम असेल तर आधी डिग्रीस, मग ग्रिट ब्लास्ट, परत डिग्रीस, मग प्रायमर, सुकू द्या, मग टॉप कोट, परत सुकू द्या. ब्लास्ट केलेला कोर उघड्या हाताने धरायचा नाही आणि त्याच दिवशी कोट झाला पाहिजे. पावसाळ्यात तर ब्लास्टिंग आणि कोटिंगच्या मधे चहालासुद्धा जाऊ नका, जुलैमध्ये भोसरीत हवा अशी असते की भिंतीला हात लावला तर ओला होतो. आम्ही एका बॉक्समध्ये दोन बल्ब लावून कोर सुकवायचो, नंतर जुना ओव्हन घेतला कुदळवाडीतून.

झालं असं की पहिल्या मोठ्या ऑर्डरचे चाळीस प्लग तयार, दिसायला एक नंबर. पॅकिंगच्या आधी मी सहज एका प्लगची फिन हाताने ओढली तर कोरजवळ बारीक चर दिसली. नखाने उचकटलं, उघडलं. स्क्रूड्रायव्हर घातला आणि ओढलं तर रबर सोललेल्या केळ्यासारखं निघून आलं, आणि आतला कोर कसा, तर चकचकीत, टॉप कोट सगळा रबराबरोबर आलेला. दोन दिवस शोधत होतो. एजंटची एक्स्पायरी बघितली, ओव्हन बघितला, कंपाउंड बदललं. शेवटी दिसलं की शेजारच्या प्रेसवर पोरगा डायवर सिलिकॉन स्प्रे मारायचा आणि पंख्याची हवा बरोबर आमच्या सुकत ठेवलेल्या कोरवरून जायची. एवढंच! चाळीसच्या चाळीस कोर परत ब्लास्ट केले, रबर गेलं ते गेलंच. तेव्हापासून कोटिंगची खोली वेगळी, पंखा नाही, आणि प्लगच्या डायला सिलिकॉन स्प्रे बंद, पाण्याचं रिलीज एजंट ब्रशने लावतो. प्रत्येक लॉटमधला एक प्लग मी आता उभा चिरतो आणि रबर कोरपासून ओढून बघतो, रबर फाटलं तर बाँड पास, स्वच्छ सुटलं तर लॉट थांबवायचा. एक पीस वाया जातो म्हणून अकाउंटवाला कुरकुरतो, कुरकुरू दे.

मोल्डिंगला गाडीच्या पार्टची सवय मोडावी लागते. १७५ डिग्रीला चार मिनिटं असं इथे चालत नाही. रबर उष्णता आत जाऊ देत नाही, जाड गट्टूचं बाहेरचं करपेपर्यंत आतलं कच्चंच असतं, भाकरी मोठ्या आचेवर टाकली की होतं तसं. मी १४५-१५० डिग्रीला ठेवतो आणि साइजप्रमाणे पाऊण तास, तास, मोठ्याला त्याहून जास्त. रिओमीटरचा टी ९० (रबर नव्वद टक्के पक्कं व्हायला लागणारा वेळ) छोट्या पातळ नमुन्यावर काढलेला असतो, तो आकडा थेट प्रेसला लावू नका, पहिला पीस चिरून मधोमध हार्डनेस बघा आणि बाहेरच्याशी ताडा, मधे स्पंजसारखी भोकं दिसली तर वेळ वाढवा. कोर आधी गरम करून घाला, थंड कोर रबराची सगळी गरमी खातो. पण हेही लक्षात असू द्या की दीडशे मिमीचा ॲल्युमिनियम कोर दीडशे डिग्रीला जवळजवळ अर्धा मिमी फुगतो, डायमध्ये थंड असताना घट्ट बसवला असेल तर गरम झाल्यावर निघतच नाही, आमचा एक असाच बसला होता तो छिन्नीने काढला. प्रेस बंद केल्यावर तीन-चार वेळा उघडझाप करून हवा काढा, ब्लँक, म्हणजे कच्च्या रबराची पट्टी, गोल वळून कोरभोवती नीट गुंडाळा, तुकडे टाकून दाबू नका, तुकड्यांच्या सांध्यावर नंतर फिन चिरते. डायमधून काढताना गरम फिनला हूक लावून ओढायचं नाही, खालून हवेने उचला.

डायफ्राम. हा भाग नीट वाचा.

ड्रॉइंगवर प्रेशरची रेंज दिलेली असते, माझ्याकडे आलेली बहुतेक २०० ते ४०० पीएसआयची, आपल्या गेजच्या भाषेत १४ ते २८ केजी (चौरस सेंटिमीटरला किलो). खालच्या आकड्याच्या आधी फुटला तर प्लग अजून वाटेतच असताना फुटतो आणि मग पुढचं मड आणि मागचं सिमेंट एक होतात, प्लग टाकला काय आणि नाही काय. वरच्या आकड्याला पण फुटला नाही तर त्याहून वाईट, वरच्या माणसाला प्रेशर चढलेलं दिसतं आणि सगळं सिमेंट पाइपच्या आत अडकून बसलेलं असतं. तेव्हा जाडी. डायफ्राम तीन मिमीचा सांगितला असेल तर तीनच, आणि सगळीकडे तीन. आमच्या एका लॉटमध्ये पहिले सहा प्लग २२ ते २५ केजीला छान फुटले, सातवा ३५ ला पण फुटेना. पंप मारणारा पोरगा माझ्याकडे बघतोय, मी गेजकडे. शेवटी थांबवलं, प्रेशर सोडलं, हॅकसॉने प्लग कापला आणि डायफ्रामची जाडी चार ठिकाणी मोजली, ३.०, ३.१, ४.२, ४.४. एक बाजू जाड, एक पातळ. आणि मजा म्हणजे पातळ बाजू पण फुटली नव्हती, कारण त्या ड्रॉइंगमध्ये फाटण्यासाठी फुलीच्या आकाराची खाच होती आणि ती खाच नेमकी जाड बाजूला उथळ झालेली. कारण काय, डायमधली सेंटर पिन. आटे ढिले झाले होते, रबर एका बाजूने शिरलं की पिन वाकडी व्हायची. प्रेसवर उभं राहून बघितल्याशिवाय हे कळलं नसतं.

टेस्ट कशी घ्यायची ते सांगतो. केसिंगच्या मापाचा पाइपचा तुकडा घ्या, आतला व्यास पार्टीच्या पाइपएवढाच बोअर करून, एका टोकाला प्लग बसायला सीट, दुसऱ्या टोकाला झाकण, त्यात पाणी आणि प्लंबर लोक वापरतात तो हँड हायड्रो टेस्ट पंप. आतली सगळी हवा आधी काढा, वरचा कॉक उघडा ठेवून पाणी बाहेर येईपर्यंत भरा. हवेवर टेस्ट करायची नाही म्हणजे नाही, कंप्रेसर हाताशी आहे म्हणून कोणीतरी शहाणपणा करतो, पाण्याने डायफ्राम फुटला तर फट्ट आवाज येतो आणि पायावर पाणी पडतं, हवेने फुटला तर झाकण जातं आणि समोर कोण आहे ते बघत नाही. हळूहळू प्रेशर वाढवा, फुटलेला आकडा लिहा, आणि फुटलेला डायफ्राम काढून हातात घेऊन बघा. तो पाकळ्यांसारखा उघडलेला आणि कडेला धरून राहिलेला हवा. तुकडे पडून सुटले तर पार्टी नापास करते, कारण ते तुकडे फ्लोट कॉलरच्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसू शकतात. टॉप प्लगला त्याच पाइपमध्ये उलटी परीक्षा, ड्रॉइंगमधल्या प्रेशरला दहा मिनिटं धरायचं, गेजचा काटा हलला नाही पाहिजे. ५०० पीएसआय ऐकायला किरकोळ वाटतं, पण २२०.५ मिमी व्यासावर ते साडेतेरा टन होतात, तेवढं ओझं तुमच्या कोरवर आणि बाँडवर बसतं.

त्याच पाइपमधून प्लग नुसता सरकवून पण बघा, स्प्रिंग काटा लावून ओढा, किती ओढ लागते ते लॉटप्रमाणे लिहून ठेवा. एकाला अचानक जास्त लागली तर फिनचा फ्लॅश (डायच्या सांध्यातून आलेलं जादा रबर) नीट कापलेला नसतो.

ट्रिमिंगचं वेगळं काय सांगणार, तुम्हाला येतंच.

साठवण मात्र सांगतो. प्लग आडवे ठेवायचे नाहीत. वजन फिनवर येतं आणि महिनाभरात फिन एका बाजूला बसून जाते, मग पाइपमध्ये त्या बाजूने फट राहते. उभे ठेवा, कोरवर. पत्र्याच्या शेडखाली उन्हाच्या तिरिपीत नको, वेल्डिंग मशीन आणि मोटर जवळ नको, तिथे ओझोन तयार होतो आणि रबराला बारीक चिरा जातात. प्रत्येक प्लगवर क्युअरची तारीख.

आता खोक्यात एक कागद घाला, हे माझं स्वतःचं आहे, पार्टीने मागितलेलं नाही, पण त्यानंतर माझ्या तक्रारी कमी झाल्या. रिगवर माणसं बदलत असतात, रात्रपाळी असते, आणि जगभरात जी चूक होत आलीय ती म्हणजे दोन प्लग उलटसुलट टाकणं. भरीव प्लग आधी गेला की तो कॉलरवर जाऊन बसतो, प्रेशर चढतं, आणि सगळं सिमेंट पाइपच्या पोटात. नंतर ते पूर्ण ड्रिल करून काढायचं, आणि बाहेरची पोकळी रिकामीच ती रिकामीच. दुसरी चूक, कोणीतरी मदत म्हणून डायफ्रामला सुरीने भोक पाडतं, 'फुटायला सोपं जावं म्हणून'. हसू नका, असं करतात. कागदावर मोठ्या अक्षरात मराठीत नाही, हिंदी आणि इंग्रजीत लिहा, कारण माल अंकलेश्वरला जाईल, आसामला जाईल, मुंबई हायला जाईल: बॉटम आधी, मग सिमेंट, मग टॉप; डायफ्रामला हात लावू नका; प्लगला ग्रीस लावू नका; सिमेंटिंग हेडमध्ये (जिथून प्लग पाइपमध्ये सोडतात) भरायच्या आधी दोन्हीचा शेजारी ठेवून फोटो काढा.

आणि खाली ढकलायला किती मड लागेल त्याचा हिशोब साइटवरचा इंजिनिअर करतोच, ते तुमचं काम नाही, पण पार्टीशी बोलताना येत असलेला बरा. वर जे ९ ५/८ घेतलं त्यात मीटरला ३८.२ लिटर, २,००० मीटरला साधारण ७६,४०० लिटर. आपल्या सोसायटीत येतो तो दहा हजारी टँकर, असे साडेसात टँकरच्या वर. तेवढं गेल्यावर टॉप प्लग बसला पाहिजे, शेवटी शेवटी पंप हळू करतात म्हणजे तो आपटत नाही. हिशोबाएवढं जाऊनही प्रेशर चढलं नाही तर किती जास्त पंप करायचं? साधारण नियम कॉलर आणि शूमधल्या जागेच्या निम्मं, आपल्या उदाहरणात साडेचारशे-पावणेपाचशे लिटर, मग थांबायचं. नाहीतर चांगलं सिमेंट शूच्याही पुढे निघून जातं. आणि प्लग वेळेवर बसला नाही की पहिला फोन प्लगवाल्याला येतो, पंपाचा काउंटर चुकला असला तरी. म्हणून लॉटप्रमाणे टेस्टचे आकडे, चिरलेल्या प्लगचा फोटो आणि प्रत्येक लॉटमधला एक चांगला प्लग स्वतःकडे ठेवा, निदान दोन वर्षं.

भाव सांगताना डाय, टेस्ट रिग आणि वाया जाणारे पीस धरा, नुसत्या किलोवर रेट देऊ नका. मोठ्या तेल कंपन्यांकडे थेट रजिस्टर व्हायला वेळ लागतो आणि कागद भरपूर लागतात, सुरुवातीला सिमेंटिंग एक्विपमेंट बनवणाऱ्या कोणाचं तरी जॉबवर्क घ्या, त्यांचं ड्रॉइंग, त्यांची टेस्ट, तुमचा हात बसतो.

पॅकिंगचं शेवटचं. जोडी एकाच खोक्यात द्यायची असेल तर बॉटम प्लग वर ठेवा, टॉप खाली, मधे प्लायवुडचा तुकडा, म्हणजे खोकं उघडल्यावर आधी हाताला जो लागेल तोच आधी हेडमध्ये जाणारा. आणि खोक्याच्या चारही बाजूंना वरचा बाण मारा, एकाच बाजूला मारलात तर नाशिक फाट्यापर्यंत जायच्या आत ट्रान्सपोर्टवाल्याने तो उलटा करून त्यावर दुसऱ्याचा माल रचलेला असतो.